हेलसिंकीहून वाचणारी बाई

माझ्या भावाशी माझा अबोला होता आणि त्याच काळात मी रोज सकाळी त्याचं लिखाण वाचत होते. यात मला काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या घरात अबोला असाच धरला जायचा.

आमचं घर उमरेडचं, विणकराचं. बाबा मागावर बसायचे आणि आई त्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायची. दोघांचं भांडण झालं की बोलणं बंद व्हायचं, काम बंद व्हायचं नाही. आई एक शब्द न काढता भरलेल्या कांड्यांची टोपली मागाशेजारी आणून ठेवायची, बाबा मान खाली घालून ती ओढून घ्यायचे. बोलायचीच वेळ आली तर मला मध्ये घालायचे. 'तुझ्या आईले सांग, लाल सूत संपून राहिलं.' आई हाताच्या अंतरावर बसलेली असायची. मीही तिच्याकडे वळून तेच वाक्य पुन्हा म्हणायची, आणि ती मला उत्तर द्यायची. हे कधी आठवडाभर चालायचं, कधी त्याहून जास्त. पण टोपली आली नाही असं कधी झालं नाही. त्यामुळे राग कितीही असला तरी माणूस घरात आहे, हे दोघांनाही कळत राहायचं.

भाऊ माझ्याहून बराच लहान. तो बंगळुरूला नोकरीला गेला. मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, बॉयलरचं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, तिथल्याच वसाहतीत राहिले आणि निवृत्त झाल्यावर नागपूरच्या प्रताप नगरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारी माणसं एकेक करून गेली, त्यामुळे तो प्रश्नही मिटला. बाबा गेल्यावर आई माझ्याकडेच होती. तिच्या शेवटच्या आजारात भाऊ तिला बंगळुरूच्या दवाखान्यात घेऊन गेला आणि ती तिकडेच वारली. कळल्याबरोबर मी निघाले. विमान उशिरा सुटलं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्याने माझ्यासाठी थांबायला हवं होतं. त्याचं म्हणणं, थांबणं शक्य नव्हतं. तेरवीच्या दिवशी मी त्याला म्हणाले, 'यापुढं माझ्याशी बोलू नको.' लहानपणी एक काम सांगितलं तर त्याने कधी धड ऐकलं नाही. हे मात्र ऐकलं.

मला एकटेपणाची सवय आहे असं मी लोकांना सांगत असे. वसाहतीत असताना ते खरंही वाटायचं. तिथे पाळ्या होत्या, भोंगा होता, शेजारच्या क्वार्टरमधल्या पोरांचा दंगा होता. प्रताप नगरात आल्यावर लक्षात आलं की मला गजबजाटात एकटं राहायची सवय होती, नुसतं एकटं राहायची नव्हती. इथे दार लावलं की ते लागतं. आई गेल्यावर तर दिवसाचा पहिला शब्द मी भाजीवाल्याशी बोलायची. तो आला नाही त्या दिवशी दुपारी उगाच घसा खाकरून पाहायची, आवाज आहे ना म्हणून. मला फार एकटं वाटायचं.

अशीच एकदा सकाळी कॉम्प्युटरवर उमरेडच्या मागांबद्दल काही सापडतं का ते शोधत होते. एक मराठी वेबसाइट उघडली. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव दिलं नव्हतं, फोटोही नव्हता. पण दुसऱ्याच परिच्छेदात एक आई आली, जी घासलेलं पातेलं पालथं घालताना त्याच्या बुडावर दोन टिचक्या मारायची. अशी बाई जगात एकच होती. मी खुर्चीत मागे टेकले. मग जेवणाचं भान न राहता सगळं वाचून काढलं.

तो रविवारी लिहायचा. आईबद्दल, बाबांच्या मागाबद्दल, लहान पोरांच्या तान्हा पोळ्याला लाकडी बैलाची मिरवणूक काढायचा त्याबद्दल. माझ्याबद्दल एक ओळ नसायची. आणि चुका तरी किती. गोळाभातातले गोळे आई तळून घ्यायची, असं त्याने लिहिलं. आई ते भाताच्या वाफेवर शिजवायची, तळायची नाही. तळायला तेवढं तेल घरात असायचं कधी? मी स्क्रीनसमोर बसून चडफडायची. एक दिवस सरळ मोठ्यानेच म्हणाले, 'याले काही आठवत नाही, आणि लिहून राहिला मोठा.' घरात कुणी ऐकायला नव्हतं, पण बोलले, आणि बरं वाटलं. तेव्हापासून नवीन काही नसलं तरी मी चहाचा कप घेऊन रोज सकाळी ते पान उघडायची आणि जुनंच वाचायची.

पानाच्या उजव्या कडेला एक चौकट होती. जाहिरात असेल म्हणून मी तिकडे कधी पाहिलं नव्हतं. काही महिन्यांनी एकदा चष्मा पुसून घातला आणि नजर तिकडे गेली. 'नुकतेच आलेले वाचक' असं लिहिलं होतं आणि खाली बारके झेंडे आणि गावांची नावं. पुणे. सिंगापूर. आणि सगळ्यांत वर, 'नागपूर, आत्ता'. आधी मला आनंदच झाला की नागपुरात आणखी कुणीतरी हे वाचतंय. मग पान बंद करून पुन्हा उघडलं, तर नागपूर पुन्हा वर आलं. माझी कानशिलं तापली.

म्हणजे इतके दिवस त्याला दिसत होतं. तेरवीला तोंडावर सांगितलं होतं, बोलू नको म्हणून, आणि मी मात्र रोज सकाळी त्याच्या दारात हजर. तो काय म्हणत असेल? ताईचा राग म्हणजे एवढाच. मला स्वतःचीच चीड आली. वाचायचं सोडून द्यावं, हा सरळ मार्ग होता. तो मी एक सकाळ पाळला. त्या सकाळी चहा तसाच थंड झाला.

म्हणून लपायचं ठरवलं. ब्राउझरमध्ये एक काळी, गुप्त म्हणवणारी खिडकी असते, तिच्यातून गेले. नागपूरच. मोबाइलवरून पाहिलं तर मुंबई दिसली, पण मोबाइलवर एवढं बारीक वाचायला गेलं की माझं डोकं चढतं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे गेले. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, माझ्याच वयाची. तिचं घर कायम भरलेलं असतं. सुना, नातवंडं, कुणी ना कुणी जेवायला थांबलेलं. मी तिला अर्धंच सांगितलं, की एका ओळखीच्या माणसाची वेबसाइट आहे आणि मी वाचते हे त्याला कळायला नको.

'काहून वं, लपून काहून वाचते?'

'आहे काहीतरी. गुप्त खिडकीतून गेले तरी गाव दिसून राहिलं.'

'ते खिडकी फक्त घरच्यांपासून लपवते,' ती म्हणाली. 'याच कॉम्प्युटरवर मागून कोणी बसलं तर त्याले तू काय पाहिलं ते समजत नाही, एवढंच. तुझ्या घरी आहे कोण लपवाले?'

ती हे अगदी सहज बोलली. मला लागलं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

मग तिने प्रॉक्सी म्हणजे काय ते सांगितलं. आपण इंटरनेटवर कुठेही गेलो की आपला एक नंबर सोबत जातो आणि त्या नंबरावरून गाव कळतं. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. आपण त्याला सांगायचं, अमुक पान आणून दे. तो जातो, आणतो, आपल्यापुढे ठेवतो. समोरच्याला दिसतो तो त्या मधल्याचा नंबर आणि त्याचं गाव.

'आणि हा मधला कोण?' मी विचारलं.

'ते कोणाले मालूम. फुकटात देऊन राहिला म्हणजे काही धर्मादाय नाही चालवून राहिला तो. तुझं सारं त्याच्या हातातून जाते. आम्ही नाही का एक्स्चेंजमध्ये बसत होतो, लाईन जोडून द्याले? काम कमी असलं की ऐकत होतो मधात कान लावून. म्हणून सांगते, त्याच्यातून बँक नको उघडू आणि ईमेल तर बिलकुल नको उघडू. ज्याच्यापासून लपतेस त्याले नाही दिसत तू. पण मधल्याले तर दिसतेसच.'

मला तेव्हा मधल्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला एकाच माणसापासून लपायचं होतं.

तिने दाखवलेल्या पानावर एक लांब रकाना होता, त्यात भावाच्या वेबसाइटचा पत्ता टाकायचा आणि देश निवडायचा. जर्मनीत आमच्या साहेबांचा मुलगा होता, नेदरलंड्सला एका सहकारी बाईची सून. फिनलंडमध्ये माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून फिनलंड निवडलं. पान यायला वेळ लागला. वर कुठल्याशा न कळणाऱ्या भाषेतली जाहिरात, फोटो गायब, जोडाक्षरं जागोजागी सुटी पडलेली. पण चौकटीत सगळ्यांत वर लिहिलं होतं, 'हेलसिंकी, आत्ता'. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. आयुष्यात भारताबाहेर पाऊल टाकलं नव्हतं आणि आता कणीक भिजवायच्या आधी रोज फिनलंडला जाऊन यायला लागले.

हे पोळ्याच्या सुमाराला सुरू झालं. मजा काही आठवडेच टिकली. नंतर त्या सकाळी जास्त सुन्या वाटायला लागल्या आणि का, ते मला लवकर उमगेना. वाचत होते तेच, बसत होते त्याच खुर्चीत. हळूहळू लक्षात आलं, की आधी मी चिडत असले, लाजत असले, तरी कुणाच्या तरी नजरेला पडत होते. आता जगात एकाच ठिकाणी माझी नोंद होत होती, ती त्या मधल्याकडे. प्रताप नगरातली एक बाई रोज एकच पान मागवते, हे फिनलंडमधल्या एका यंत्राला माहीत होतं आणि माझ्या भावाला माहीत नव्हतं. तरी मी प्रॉक्सी सोडली नाही. मागे फिरायचं म्हणजे त्याला पुन्हा नागपूर दिसणार, आणि मग तो म्हणणार, आली परत. मी हट्टी आहे, आणि हट्ट करायला समोर कुणी नसलं की तो जास्तच वाढतो.

दिवाळीनंतर त्याचं लिखाण बदललं. लेख आखूड झाले. मध्येच तो प्रश्न टाकायला लागला. 'आईच्या माहेरच्या गावाजवळची नदी कोणती, कुणाला ठाऊक असल्यास सांगावं.' त्याला स्वतःला ठाऊक होती. त्याच नदीत त्याची चप्पल वाहून गेली होती आणि तो रडत घरी आला होता. दुसऱ्यांदा विचारलं, बाबा मागावर बसताना कोणतं गाणं गुणगुणायचे. त्याचंही उत्तर मला माहीत होतं. खाली प्रतिक्रिया लिहायची जागा होती, पण तिथे नाव टाकल्याशिवाय काही लिहिता येत नव्हतं. मी हेलसिंकीहून वाचत राहिले आणि मनात म्हणत राहिले, की विचारायचंच असेल तर मला विचार ना, सगळ्या जगाला काय विचारतोस.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी लेख आला. नेहमीसारखंच पान सावकाश उघडलं, वर कसल्याशा बुटांची जाहिरात, आणि खाली एवढंच.

'हे सगळं मी एका वाचकासाठी लिहीत होतो. नागपूरहून रोज सकाळी कुणीतरी हे पान उघडायचं. कोण, ते मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं तर येणं थांबेल अशी भीती होती. पोळ्यापासून नागपूर दिसलेलं नाही. आधी वाटलं, गावाला गेलं असेल. मग वाटलं, राग वाढला असेल. आता तिसरंही मनात येतं, ते लिहवत नाही. कुणासाठी लिहायचं तेच राहिलं नाही, म्हणून थांबतो आहे.'

मी उजवीकडच्या चौकटीकडे पाहिलं. 'हेलसिंकी, आत्ता.' मी तिथे होते. मी आता नाही असं त्याने लिहिलेलं मीच वाचत होते आणि त्याला ते कळायचा काही मार्ग नव्हता. मला रडू आलं. आईच्या वेळी मी चार माणसांत रडले होते, त्यात रागच जास्त होता. हे रडणं वेगळं होतं.

अबोल्यातही माणूस घरात आहे हे समोरच्याला कळत राहिलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट आईबाबांनी पाळली होती. नागपूर हे नाव त्याच्या चौकटीत रोज सकाळी उमटत होतं तोवर आमचं भांडण घरातलं होतं. ते नाव मी पुसलं, आणि पुसताना मला वाटत होतं की मी अबोला कसा चोख पाळते आहे.

मी प्रॉक्सी बंद केली आणि पान सरळ उघडलं. नागपूर वर आलं. मी ते तसंच उघडं ठेवून बसले. मध्ये उठून वरणभाताचा कुकर लावला, परत येऊन पाहिलं, पुन्हा उघडलं. दर वेळी नागपूर. त्याच्याकडून काही नाही. जेवण झाल्यावर राहवेना, तेव्हा खाली जाऊन मैत्रिणीला सगळं सांगितलं. ओळखीचा माणूस म्हणजे भाऊ, तेही सांगितलं.

तिने मला आधी पाणी दिलं. मग म्हणाली, 'आता नागपूर दिसलं म्हणून तो काय समजून घेईन? नागपुरात किती लोकं राहतात वं. त्याले कसं कळन ते तूच होय म्हणून? पहिलेबी त्याले पक्कं मालूम नव्हतं. त्यानं मानून घेतलं होतं बिचाऱ्यानं.'

'मग काय करू?'

'त्याच्यासाठी कॉम्प्युटर नाही लागत,' ती म्हणाली, आणि टेबलावरचा माझाच मोबाइल उचलून माझ्या हातात दिला.

मी तिच्या घरून फोन केला नाही. तिथे नातवंडं होती, टीव्ही चालू होता. वर आले, दार लावलं, पलंगावर बसले. नंबर होता माझ्याकडे, कधी काढून टाकला नव्हता. आधी कोण बोलेल तो हरला, असं आम्ही लहानपणी मानायचो. हरायला माझी हरकत नव्हती. मला भीती वेगळीच वाटत होती, की तो फोन उचलेल आणि अगदी परक्यासारखा, सभ्यपणे बोलेल.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

मी म्हणाले, 'मी बोलून राहिली.'

मग तो 'ताई' म्हणाला. मोठा माणूस झालाय, केस पांढरे झालेत, आणि आवाज एकदम चप्पल वाहून गेली तेव्हासारखा. मला अबोला कसा सोडतात ते कळेना. आईबाबांचा कसा सुटायचा, ते मी कधी पाहिलंच नव्हतं; सकाळी उठून बघावं तर ते बोलत असायचे.

'रोज वाचत होते,' मी म्हणाले. 'एक सकाळ सोडली तर एकही दिवस चुकवला नाही. तुले दिसू नये म्हणून दुसरीकडून येत होते.'

'काहून वं?'

मी विचारलं, 'तू काय समजला होता?'

'रोज सकाळी उठून तिकडचा पेपर पाहत होतो,' तो म्हणाला. 'इंटरनेटवर येते ना तो, नागपूरचा. निधनाच्या बातम्यांचं पान. तुझं नाव नाही पाहून बंद करत होतो आणि मग ऑफिसले जात होतो.'

माझ्या निधनाची बातमी पेपरात द्यायला इथे कोण बसलंय, हे माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं.

'त्यापेक्षा फोन करायचा ना, वेड्या.'

'नंबर काढून बसत होतो,' तो म्हणाला. 'पण फोन लावला असता आणि दुसऱ्याच कोणी उचलला असता तर?'